मोटर सुसाट फिरते, पण झाकणाचा पंप पाणी का ओढत नाही?

डिचोलीहून प्रश्न आलाय: आठवीतल्या मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी झाकणात खेळण्यातली मोटर बसवून पंप केला, मोटर फिरते, पण बादलीतलं पाणी नळीत चढतच नाही.

मोटर बदलू नका. पंप बादलीच्या काठावर ठेवलाय, तिथेच घोळ आहे. पाती पाणी कडेला भिरकावतात म्हणून मध्ये ओढ तयार होते. हवा मात्र पाण्यापेक्षा सुमारे 800 पट हलकी, त्यामुळे झाकणात हवा असली की ओढ नावापुरतीच. पंप उभा धरा, मोटर वर आणि झाकण खाली, आणि झाकण तेवढं पूर्ण बुडवा. तरी बुडबुडे अडकतातच. पंप तिरका करून ते आधी काढा.

झाकण साधारण 4 सेमी व्यासाचं, दीड सेमी खोल घ्या. पाती आइस्क्रीमच्या डब्याच्या प्लॅस्टिकची, चार पुरेत. टोक आणि भिंत यांत 2 ते 3 मिमी फट ठेवा. जास्त ठेवली तर पाणी आतच गरगरत राहतं. झाकणाचं तोंड बंद करणाऱ्या खालच्या चकतीला, पाणी आत यायला, बरोबर मध्ये 8 मिमीचं भोक. बाहेर पडायची नळी मात्र कडेला चिकटून, पाती फिरतात त्याच दिशेने निघायला हवी. उलट फिरत असेल तर तारांची अदलाबदल करा, काम झालं. पाती नुसत्या गरम गोंदावर मोटरीच्या दांड्याला चिकटवू नका, ओली झाली की सुटतात. रिफिलचा तुकडा दांड्यावर घट्ट बसवून त्याला पाती लावा. झाकणात दांडा जातो त्या भोकात ग्रीस भरा, नाहीतर पाणी मोटरीत शिरेल.

चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी इथे कुचकामी. भार पडला की तिचा व्होल्टेज कोसळतो. पेन्सिल सेल चार घ्या, एकामागोमाग एक जोडून.

नुसतं कारंजं दाखवण्यापेक्षा मोजमाप दाखवा, गुण तिथे मिळतात. नळी 10, 20, 30 सेमी उंचीवर धरून 200 मिलीचा पेला भरायला किती सेकंद लागतात ते लिहा आणि आलेख काढा. समजा 30 सेमीवर मिनिटाला अर्धा लिटर आलं, तर पाण्याला मिळालेली शक्ती जेमतेम 0.025 वॅट. मोटर 5 व्होल्टवर 0.8 अँपिअर खात असेल तर खर्च 4 वॅट. म्हणजे एक टक्कासुद्धा नाही! हे तिने स्वतःहून सांगावं.

परीक्षक हमखास विचारतील, पंप पाण्यात का ठेवला? तेव्हा आपल्या विहिरीचं उदाहरण द्यावं. काठावरचा पंप पाणी खेचत नाही, हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि तो जास्तीत जास्त 10.3 मीटर. प्रत्यक्षात 7 मीटरच्या आसपास दम संपतो. मे महिन्यात पाणी खाली गेलं की काठावरचा पंप हवा धरतो, म्हणून तो खाली उतरवावा लागतो किंवा पाण्यात बुडणारा पंप सोडतात.