विकररोधी, विकरनाशक की विकरनिरोधक?

प्रश्न असा आहे : खेकडे, लॉबस्टर, हॉर्सशू क्रॅब अशा सागरी अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या रक्तात प्रोटीज, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांना (विकरांना) अडवणारी प्रथिने असतात. पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनात लावायच्या मराठी तक्त्यावर त्यांना ‘विकररोधी’ म्हणावे, ‘विकरनाशक’ म्हणावे, की आणखी काही?

‘विकरनिरोधक’ म्हणावे. पाठ्यपुस्तकांमुळे ‘विकर’ विद्यार्थ्यांच्या ओळखीचा आहे, तेव्हा तो ठेवायला हरकत नाही. खरी अडचण पुढच्या पदाची आहे. ‘आम्लरोधी’ रंग म्हणजे आम्लाला दाद न देणारा रंग. त्याच चालीवर ‘विकररोधी प्रथिन’ म्हणजे विकराने न तुटणारे, न पचणारे प्रथिन असा अर्थ लागतो. तशीही प्रथिने असतात, त्यामुळे वाचकाची चूक होणारच. ‘नाशक’ तर सरळ चुकीचा आहे. कीटकनाशकाने कीटक मरतो. इथे मात्र विकर बहुधा शाबूत राहते, फक्त त्याची पोहोच तुटते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आल्फा-2-मॅक्रोग्लोब्युलिन. माणसाच्या रक्तात ते पूर्वीपासून माहीत होते. 1983 मध्ये जेम्स क्विग्ली आणि पीटर आर्मस्ट्राँग यांनी त्याच्यासारखेच प्रथिन अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या लिम्युलस या हॉर्सशू क्रॅबमध्ये दाखवले. माणसात त्याचे चार घटक जोडलेले असतात आणि एकूण वजन सुमारे 7,20,000 डाल्टन (रेणूचे वजन मोजायचे एकक) भरते. लिम्युलसमध्ये प्रत्येकी सुमारे 1,85,000 डाल्टनचे दोनच घटक असतात. काम मात्र त्याच पद्धतीने चालते. या प्रथिनात एक पट्टा असतो, त्याला ‘आमिष-पट्टा’ म्हणता येईल. प्रोटीज तो तोडते. तोडताच आतला थायोएस्टर नावाचा रासायनिक बंध उघडतो, सगळ्या रेणूची घडी बदलते आणि प्रोटीज आत कोंडली जाते. तिचे क्रियास्थान, म्हणजे तोडण्याचे काम करणारी जागा, मोकळेच असते. म्हणून लहान रेणू आत शिरून तुटतात, पण मोठी प्रथिने तिथवर पोचत नाहीत. हे सापळ्याचे तत्त्व 1973 मध्ये बॅरेट आणि स्टार्की यांनी मांडले. तक्त्यावर या प्रथिनासाठी ‘सापळा-निरोधक’ असा पोटशब्द द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेर्पिन या दुसऱ्या निरोधक गटाचे तसे नाही. तिथे विकर निरोधकाला सहसंयुजी (कोव्हॅलंट) बंधाने चिकटते आणि क्रियास्थानच निकामी होते. हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींच्या कणिकांमध्ये असे सेर्पिन साठवलेले असतात. जिवाणूंचे एंडोटॉक्सिन हे विष लागताच रक्त गोठवणारी प्रोटीजची साखळी सुरू होते. ती जखमेपुरतीच राहावी, अंगभर पसरू नये, यासाठी ते लागतात. यांना ‘बंधक निरोधक’ चालेल.

हा फरक प्रात्यक्षिकातही दिसतो, आणि प्रदर्शनात मांडण्याजोगा आहे. ट्रिस बफर, पी-एच 8, त्यात 10 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. 5 मायक्रोग्रॅम ट्रिप्सिनमध्ये (ही एक प्रोटीज) खेकड्याचा 50 मायक्रोलिटर पेशीविरहित प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून उरलेला रक्तद्रव, घालून 10 मिनिटे थांबा. मग सोयाबीन ट्रिप्सिन निरोधक, ट्रिप्सिनच्या वजनाच्या किमान पाचपट. शेवटी बीएपीएनए, म्हणजे ट्रिप्सिनने तुटला की पिवळा रंग देणारा लहान रेणू. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी डीएमएसओ या द्रावकात विरघळवून घ्यावे लागते. सोयाबीनचा निरोधक सुमारे 20,000 डाल्टनचा. मोकळे ट्रिप्सिन तो बंद करतो, पण सापळ्यात तो शिरू शकत नाही. बीएपीएनए लहान असल्याने आत जाते, तुटते आणि द्रावण पिवळे होते. 405 ते 410 नॅनोमीटरवर मोजा. पिवळेपणा आला तर सापळा आहे.

क्रम चुकला तर निष्कर्ष चुकतो. सोयाबीनचा निरोधक प्लाझ्माच्या आधी घातला, तर सापळ्यासाठी मोकळे ट्रिप्सिन उरतच नाही आणि पिवळा रंग येत नाही. तो कमी पडला, तर उरलेल्या ट्रिप्सिनमुळे सापळा नसतानाही रंग येतो. म्हणून प्लाझ्मा नसलेली एक नळी हवीच. दुसऱ्या एका नळीत प्लाझ्मा आधी मिथिलअमीनबरोबर ठेवून पाहा; ते थायोएस्टर बंध उघडते. बंध आधीच उघडला की सापळा निकामी होतो आणि रंग जातो.

पुण्यात हॉर्सशू क्रॅब शोधू नका. आपल्याकडे तो ओडिशा व पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आढळतो आणि त्याला कायद्याचे संरक्षण आहे. मासळी बाजारातली जिवंत चिंबोरी पुरते. पायाच्या बुडाशी असलेल्या मऊ पडद्यातून, थंड सायट्रेट भरलेल्या सिरिंजने द्रव घ्या आणि लगेच, थंडच असताना, सेंट्रिफ्यूज करून पेशी काढा. उशीर झाला तर पेशी फुटतात, त्यांच्यातले निरोधक आणि प्रोटीज प्लाझ्मात मिसळतात, द्रव काळा पडू लागतो. मग आपण नेमके काय मोजतो आहोत, हेच सांगता येत नाही. सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवते आणि बफरमध्ये तर कॅल्शियम लागते, म्हणून सायट्रेट गरजेपेक्षा जास्त वापरू नका. आणि शेतातले मुठे गोड्या पाण्यातले. त्यांच्यावर प्रयोग केला तर शीर्षकातून ‘सागरी’ काढा.

राहिला शब्द ‘रक्त’. खेकड्यात रक्त आणि ऊतींमधला द्रव वेगळे नसतात, म्हणून ‘रक्तलसीका’ अचूक. माकुळ आणि ऑक्टोपसचे अभिसरण बंद नलिकांमधून होते, तिथे ‘रक्त’च लिहा. समुद्री साळिंदर म्हणजे सी-अर्चिन घेतला, तर ‘देहगुहेतील द्रव’. तक्त्याचे शीर्षक असे जमेल : ‘सागरी संधिपाद प्राण्यांच्या रक्तलसीकेतील विकरनिरोधक प्रथिने’. त्याखाली लहान अक्षरात ‘प्रोटीज इन्हिबिटर’ देवनागरीत द्या, म्हणजे इंग्रजी माध्यमातून आलेल्यांनाही दुवा सापडेल.