रॉकेट वर गेल्यावर पुढे काय बघायचं?

ब्लॅक रॉक वाळवंटातल्या हौशी रॉकेट मेळाव्यांबद्दल या वेळी प्रश्न आलेत. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिलीये, कारण तो विचारणाऱ्या ताईंना खरंच जायचंय.

प्रश्न: सर नमस्कार, मुलगी अमेरिकेत इंजिनीअरिंग करते. तिच्या टीमने एक छोटा सॅटेलाइट बनवलाय आणि सप्टेंबरमध्ये नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात तो हौशी लोकांच्या रॉकेटमधून सोडणार आहेत. आम्ही दोघं तेव्हा तिच्याकडेच असू. ती म्हणते या बघायला, पण मला धाकधूक वाटते, माणसापेक्षा उंच रॉकेट आणि तीही लोकांनी घरी बनवलेली. जावं का? आणि गेलो तर तिथे दिवसभर करायचं काय?

उत्तर: ताई, जा. नक्की जा. मुलीच्या वर्णनावरून तो अर्लिस नावाचा उपक्रम दिसतोय. स्टॅनफर्डचे प्राध्यापक बॉब ट्विग्ज यांच्या कल्पनेतून 1999 मध्ये सुरू झाला, जगभरातले विद्यार्थी येतात, जपानी टीम तर हमखास असतात. शीतपेयाच्या कॅनएवढा किंवा त्याहून जरा मोठा सॅटेलाइट रॉकेटमधून साधारण 12,000 फुटांवर सोडतात, तो पॅराशूटने खाली येतो आणि काही टीमचे सॅटेलाइट मग स्वतःच वाट शोधत ठरलेल्या जागेपर्यंत चालत किंवा उडत यायचा प्रयत्न करतात. रॉकेट मात्र विद्यार्थ्यांचं नसतं, ते एरोपॅक या तिथल्या क्लबची अनुभवी मंडळी उडवतात, आपल्या वेळेने आणि आपल्या हौसेने, परक्या देशातल्या पोरांच्या यंत्रासाठी. मला या सगळ्या प्रकारातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

आता धोक्याचं. घरी बनवलेलं म्हणजे कसंही बनवलेलं असा अर्थ घेऊ नका. मोटर म्हणजे रॉकेटला वर ढकलणारं इंधनाचं नळकांडं, तिचा क्लास अक्षरांवर चालतो, प्रत्येक पुढच्या अक्षराला ताकदीची कमाल मर्यादा दुप्पट. एच पासून हाय पॉवर सुरू होतं आणि एम मोटर असेल तर माणसांनी पॅडपासून म्हणजे रॉकेट उडवायच्या जागेपासून किमान 500 फूट लांब राहायचं, एन असेल तर 1000 आणि ओ असेल तर 1500, हे नियमात लिहिलेलं आहे आणि तिथे ते पाळतात. आकाश रिकामं ठेवायला विमान वाहतूक खात्याची म्हणजे एफएएची परवानगी आधीच घेतलेली असते. वारा ताशी 20 मैलांच्या वर गेला की उड्डाण बंद, मग कोणी कितीही लांबून आलेलं असो.

तुम्ही गेलात की सेफ्टी ऑफिसरच्या टेबलाजवळ, लोकांच्या वाटेत न येता, थोडा वेळ उभ्या राहा. प्रत्येक रॉकेट आधी तिथे येतं. तो माणूस फिन म्हणजे रॉकेटचे खालचे पंख हाताने हलवून बघतो, पुढचं टोक फार घट्ट नाही ना, फार सैल नाही ना बघतो, गुरुत्वमध्य कुठे आहे विचारतो आणि हवेच्या दाबाच्या केंद्राची खूण रॉकेटवर केलेली असते तिच्याशी ताडून बघतो, कारण गुरुत्वमध्य त्या खुणेच्या पुरेसा वर नसेल तर रॉकेट सरळ जाणारच नाही. उत्तर पटलं नाही तर रॉकेट परत. चाळीस वर्षं हे करणाऱ्या माणसाचं रॉकेटसुद्धा परत पाठवतात आणि तो निमूटपणे घेऊन जातो.

मग पॅडवर रॉकेट रेलला म्हणजे त्याला सरळ वर नेणाऱ्या दांड्याला लावतात, उभं करतात आणि त्यानंतरच आतला अल्टिमीटर, म्हणजे उंची मोजून पॅराशूट बाहेर काढणारं यंत्र, चालू करतात. अल्टिमीटर बीप देतो. उडवणारा माणूस नळीला कान लावून बीप मोजत उभा असतो, दोन्ही पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या दारूच्या चार्जची वायर जोडलेली आहे की नाही ते त्या बीपवरूनच कळतं. वारा असेल तर ऐकू येत नाही, मग तो एका हाताने दुसरा कान झाकतो आणि परत पहिल्यापासून मोजतो. ते बरोबर आलं की सगळ्यात शेवटी मोटरमध्ये तिला पेटवणारा इग्नायटर जातो, त्याआधी कधीच नाही. लांबून दुर्बिणीने बघा, दिसतं.

उड्डाण झालं की पहिल्यांदा येणारे लोक धूर बघतात, टाळ्या वाजवतात आणि खाली बघतात. ताई, तुम्ही तेव्हा वरच बघत राहा. वर जायला मोटर काही सेकंदच जळते, खरी परीक्षा नंतर असते. सगळ्यात उंच बिंदूला काळ्या दारूचा छोटा चार्ज रॉकेटचे दोन भाग वेगळे करतो, लहान पॅराशूट म्हणजे ड्रोग बाहेर येतं आणि रॉकेट बऱ्यापैकी वेगाने खाली येत राहतं, मुद्दामच, नाहीतर वाऱ्याने मैलोन्मैल वाहत जाईल. जमिनीपासून हजार-पाचशे फुटांवर दुसरा चार्ज उडतो आणि मोठं पॅराशूट उघडतं. ते उघडलं की आख्ख्या मैदानाचा श्वास सुटतो. नाही उघडलं तर माइकवरून हेड्स अप म्हणून ओरडतात, आणि तो शब्द ऐकला की खुर्चीतून उठायचं, मंडपाच्या बाहेर यायचं, रॉकेट शोधायचं आणि बोटाने दाखवत राहायचं म्हणजे शेजारच्यालाही दिसतं. मंडपाखाली बसून राहणं सगळ्यात वाईट, कापडाने काही अडत नाही आणि वरून काय येतंय ते दिसतही नाही. पॅराशूट उघडलेलं असलं तरी येणारं रॉकेट हाताने झेलायला जायचं नाही, हे साहेबांनाही सांगून ठेवा.

आणि फिरताना कुठे पडलेलं रॉकेट दिसलं तर हात लावू नका, आत न फुटलेला चार्ज असू शकतो. जागा फोनवर मार्क करा, लाँच कंट्रोलच्या टेबलावर येऊन सांगा. कोणाचं तरी वर्षभराचं काम तुमच्यामुळे सापडेल.

बाकी तयारी. ती जागा म्हणजे प्राचीन लाहोंटन सरोवराचा सुकलेला तळ, त्याला प्लाया म्हणतात, उंची समुद्रसपाटीपासून साधारण 3,900 फूट, झाड नाही, सावली नाही, पाण्याचा नळ नाही. दिवसा भाजतं आणि रात्री चक्क थंडी वाजते म्हणून दोन्हीचे कपडे न्या. माती खारट आणि अल्कलाइन आहे, टाचा फुटतात, तर थोडं व्हिनेगर पाण्यात घालून पाय धुवायचे आणि मग क्रीम, हा तिथल्या जुन्या लोकांचा उपाय आहे आणि तो लागू पडतो. रेनोपासून गाडीने दोन-अडीच तास, शेवटचं गाव गर्लाक, फार छोटं आहे, त्यामुळे पेट्रोल आणि पाणी आधीच भरून घ्या. प्लायावर रस्ता असा नसतोच, आत शिरलात ती जागा जीपीएसमध्ये सेव्ह करा नाहीतर अंधारात परतीची वाट सापडणार नाही. पाऊस आला तर मात्र गाडी हलवायची नाही, चाकं चिखलात रुततात आणि जमीनही खराब होते, सुकेपर्यंत थांबायचं. आणलेला प्रत्येक कागद परत न्यायचा, ती सरकारी जमीन आहे आणि परवानगी त्यावरच टिकून आहे.

प्रश्न: हौशी लोकांचं रॉकेट अंतराळात गेलं असं वाचलं, खरं आहे का?

उत्तर: खरं आहे, आणि याच वाळवंटातून. 17 मे 2004 ला सिव्हिलियन स्पेस एक्सप्लोरेशन टीमचं गोफास्ट रॉकेट अंतराळाची हद्द मानल्या जाणाऱ्या 100 किलोमीटरच्या रेषेच्या वर गेलं, साधारण 115 किलोमीटर. पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचं आफ्टरशॉक टू तिथूनच 4,70,000 फुटांवर गेलं म्हणजे 143 किलोमीटर. पूर्णपणे विद्यार्थ्यांनी बनवलेलं! मी हे आकडे कितीदा वाचले असतील तरी परत वाचावेसे वाटतात.

प्रश्न: दादा मी अमेरिकेत मास्टर्स करतोय, वय 23. मला पण उडवायचंय, डायरेक्ट मोठं. बॉल्सबद्दल ऐकलंय, तिथे जाऊन एम मोटर उडवता येईल का?

उत्तर: लगेच नाही येणार मित्रा, आणि ते बरंच आहे. बॉल्स हा ट्रिपोली या हौशी रॉकेटवाल्यांच्या संघटनेचा मेळावा, तिथे लोक स्वतः बनवलेल्या मोटर घेऊन येतात, ती या छंदाची सगळ्यात वरची पायरी झाली. मोठ्या मोटर उडवायची पात्रता तीन लेव्हलमध्ये मिळते, तुझी सुरुवात लेव्हल वनपासून. ट्रिपोली किंवा एनएआर यातल्या एका संघटनेचा मेंबर हो, एच किंवा आय मोटरवर एक रॉकेट उडव आणि ते धडधाकट परत आण. हो, परत आणायचंच, नुसतं वर गेलं तर पास नाही, पॅराशूट उघडलं पाहिजे आणि तपासणाऱ्याच्या मते रॉकेट परत उडवण्यासारखं राहिलं पाहिजे. लेव्हल टूला लेखी परीक्षा असते आणि ‘जे’ पासून ‘एल’ पर्यंतच्या मोटर मिळतात. एम आणि त्यापुढच्या मोटरसाठी लेव्हल थ्री, तिथे डिझाइनची कागदपत्रं अनुभवी लोकांकडून आधी मंजूर करून घ्यावी लागतात आणि पॅराशूट उघडायची इलेक्ट्रॉनिक्स दोन वेगवेगळी, एक गेली तरी दुसरी चालेल अशी.

माझं ऐकशील तर पहिल्या लाँचला रॉकेट नेऊच नकोस. जा आणि काम माग. पॅडपर्यंत सामान उचलायला, शोधायला गेलेल्या लोकांबरोबर ट्रॅकरचा अँटेना धरून चालायला माणसं कायम कमी पडतात. दुपारभर कोणाबरोबर रॉकेट शोधलंस की पॅराशूट कसं घडी करायचं, दोरी कुठे जळते, नायलॉनच्या पिना किती लावायच्या हे सगळं तो चालता चालता सांगतो, न विचारता सांगतो, ही मंडळी तशीच आहेत. लेव्हल वन साठी लांबचं वाळवंटही लागत नाही, जवळच्या क्लबचं शेत चालतं. वाळवंट लागतं ते उंची वाढली की, कारण खूप वरून येणारं रॉकेट किती लांब पडेल याचा नेम नसतो आणि तिथे मैलोन्मैल घर नाही, तार नाही, झाड नाही.

एक शेवटचं, विमानाने जाणार असशील तर मोटर बॅगेत टाकू नकोस, हँडबॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, बंदी आहे. काळी दारू आणि इग्नायटरही तसंच. मोठ्या लाँचला विक्रेते मैदानावर येतात, त्यांना दोन-तीन आठवडे आधी लिहून मोटर बुक कर, कारण नेमकी हवी ती साइज शनिवारी सकाळीच संपलेली असते.