आजोबांच्या रायफलीची खरी किंमत किती धरावी?
नौपाड्यातील आपल्या घरी आजोबांची, आता आपल्या परवान्यावर असलेली विंचेस्टर ९४ ही शिकारी रायफल आहे आणि अमेरिकेतील ऑनलाइन लिलावांत तिच्यापुढे लाखांचे आकडे दिसतात, म्हणून तीच किंमत धरावी का, असे आपण विचारले आहे. धरू नये. १८९४ च्या या रचनेच्या ७० लाखांहून अधिक रायफली बनल्या असल्याने नुसत्या जुनेपणाला मोल नाही. जाणकार १९६४ पूर्वीच्या आणि नळीवरची मूळ निळसर झळाळी टिकलेल्या नगालाच जास्त मोजतात. हौसेने पॉलिश मारून चकचकीत केलेली नळी भाव उलट पाडते. शिवाय मागितलेला आकडा म्हणजे मिळालेला भाव नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे आपल्याकडे गिऱ्हाईकही परवानाधारकच लागते, तेव्हा भाव परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडूनच काढून घ्यावा.