पद्मिनी घरी करायची असेल तर इंजिन शेवटी

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: आज्जांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी, खानापूरकडच्या गावात गोठ्याशेजारच्या शेडमध्ये बारा वर्षं उभी, पासिंग कोल्हापूरचं. ती बेळगावात अनगोळला घराच्या पार्किंगमध्ये आणायची, पहिल्यांदा इंजिन उतरवायचं, गणपतीला रंग लावून दारात उभी करायची, आणि तिच्यातून आज्जीला देवळात न्यायचं. गणपती कुठल्या सालचा ते लिहिलं नाही, हे बरं केलंत.

इंजिनाला आत्ता हात लावू नका. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये पंचवीस वर्षं काढली, इंजिन हाच माझा प्रांत, तरी हेच सांगतो. बेळगावात राहणाऱ्याला इंजिनाची काळजी नाही. 68 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 75 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), 1089 सीसी, चार सिलिंडर. आपल्याकडे फाउंड्री, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, सरफेस ग्राइंडिंग सगळं हाकेच्या अंतरावर. ब्लॉक रिक्षात घालून न्यायचा आणि आणायचा. एकच सांभाळा: पिस्टन आधी हातात घ्या, मग त्या मापाने बोअर करा. उलटं केलंत तर बोअर झालेला ब्लॉक घेऊन त्या मापाचे पिस्टन शोधत फिराल.

खरं काम पत्र्याचं. आणि पत्र्यावर आपल्याकडचा पाऊस बसलाय.

माझी पहिली पद्मिनी मी तुमच्यासारखीच सुरू केली. उत्साहात पंधरा दिवसांत सगळी सुटी केली. दारं, सीटा, डॅशबोर्ड, वायरिंग, काचा. नटबोल्ट हॉर्लिक्सच्या बाटल्यांत. तीन वर्षं ती गाडी खोक्यांत होती. कुठला स्क्रू कुठला हे विसरलो, दोन खोकी घर रंगवताना भंगारात गेली, आणि घरच्यांनी रिकाम्या बॉडीवर कुरडया वाळत घातल्या. दुसऱ्या गाडीला ठरवलं, गाडी शेवटपर्यंत चाकांवर राहील, ढकलली तर हलेल. एका वेळी एकच कोपरा उघडायचा, पुरा करायचा, बंद करायचा. ती गाडी झाली.

आता पत्रा. फियाटला, म्हणजे आपल्या पद्मिनीला, जीपसारखी वेगळी चॅसिस नाही, बॉडी हीच चॅसिस. म्हणून दारांखालचा रनिंग बोर्ड सडला असेल तर कणाच गेलाय असं समजा. बरेच जण सडलेला रनिंग बोर्ड कापून काढतात, नवा जोडतात, आणि मग दार लागत नाही. का? कापल्याबरोबर गाडी मधोमध केसभर खाली बसते. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत, आणि मधल्यापासून मागच्यापर्यंत, लोखंडी पाइप वेल्डिंगचे टाके मारून बसवा. दार लावून फटी मोजा, आकडे खडूने पत्र्यावरच लिहा. एक बाजू पूर्ण वेल्ड करून थंड झाल्याशिवाय दुसरी कापू नका.

गाडी कशावर उचलता यावर जीव अवलंबून आहे. आपल्या भागात प्रत्येकाच्या अंगणात चिरे पडलेले असतात, मीही चिऱ्यावरच उचलली होती. चिरा भिंतीत शंभर वर्षं टिकतो, पण जॅकच्या टोकदार भाराखाली, त्यातून पावसात भिजलेला असला की, बिस्किटासारखा तुटतो. माझा तुटला तेव्हा मी पाना आणायला बाहेर आलो होतो. ब्रेकचा ड्रम जमिनीवर आपटल्याचा आवाज अजून कानात आहे. चार लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) घ्या, त्या पक्क्या कोब्यावर ठेवा, आणि काढलेलं चाक नेहमी रनिंग बोर्डाखाली सरकवून ठेवा.

वेल्डिंग स्वतः शिकणार असाल तर घरची आर्क मशीन विसरा, वीस गेजचा पत्रा म्हणजे 0.9 मिमी, आर्कने भोकंच पडतात. 0.8 ची वायर असलेली सीओटू मशीन लागते, आणि सलग ओळ न ओढता टाका इथे, टाका तिथे असं फिरत जायचं, नाहीतर पत्रा लाटेसारखा उठतो. मी शेवटी बेळगावातल्याच शहापूरच्या एका म्हाताऱ्या टिंकर (पत्रा ठोकणाऱ्या) मिस्त्रींना घरी बोलवायला लागलो. त्यांनी पहिल्याच दिवशी माझा ग्राइंडर बाजूला ठेवला. "काय करालैस गा? गंज काढालैस का पत्रा काढालैस?" मग एक गुळगुळीत नदीतला गोटा आणि लाकडी हातोडी घेऊन बसले. मडगार्डच्या आत गोटा धरायचा, बाहेरून हलका ठोका, आणि डोळे मिटून तळहात फिरवायचा. खड्डा डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतो म्हणाले. जिथे मी तीन मिमी जाड लांबी (पुटी) भरली असती तिथे त्यांनी नखाएवढीच लावली. जाड लांबी दोन पावसाळ्यांत तडकते, फटीतून पाणी आत जातं, आणि वरून चकाचक दिसणारी गाडी आतून पोकळ होते.

रंगाचं वेळापत्रक. गणपती म्हणजे ऐन पावसाळा, आणि तुम्ही अनगोळला. जुलैत ग्राइंड केलेला उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी नारिंगी झालेला असतो. नुसत्या रेड ऑक्साइडवर भरवसा ठेवू नका, तो पाणी धरतो. घासलं की त्याच दिवशी टू-के (हार्डनर मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर, ब्रशने लावला तरी चालतो. पहिल्या गाडीचा रंग मी ऑगस्टमध्ये एका पेंटरकडून मारून घेतला होता, एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट. संध्याकाळपर्यंत बॉनेटवर दुधासारखी पांढरी साय आली. थिनर उडताना पत्रा गार पडतो आणि हवेतलं दव ओल्या रंगात बसतं. सगळं घासून परत. तेव्हा रंग दिवाळी ते होळीच्या मधे, आणि थंडीत धुकं असतं म्हणून अकरा ते चारच्या आत. पावसाळ्यात आतलं काम काढा, वायरिंग, सीटा, ब्रेक. टू-के पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी मारू नका, त्याच्या हार्डनरची वाफ साध्या कापडी मास्कने अडत नाही आणि छाती धरते. (शिवाय शेजारणीच्या वाळत घातलेल्या साड्या.)

इंजिन शेवटी म्हटलं, तरी आज एक करून ठेवा. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून सोडा. आठवड्याने हँडल घालून हाताने हलवून बघा. स्टार्टरने झटका देऊ नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, बारा वर्षं साधं पाणी आत राहिलं असेल तर पाण्याच्या वाटा कुरतडलेल्या असणार, उघडाल तेव्हा फेसिंगच्या (हेडचा तळ घासून सपाट करायच्या) आधी ते बघा.

टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाका, आणि नवं घालायच्या आधी रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे वायसर सगळे बदला. 2025 पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल कदाचित, पण 1978 च्या रबराला त्याचं कौतुक नाही, ते फुगतं. इथेनॉल टाकीतला जुना डिंक सोडवून फिल्टरमध्ये आणतं आणि हवेतलं पाणीही ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी एकतर गच्च भरलेली ठेवा, नाहीतर कोरडी.

ब्रेकचे मास्टर आणि चारही चाकांचे सिलिंडर नवे टाका, दुरुस्तीत पैसे वाचवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

सुटे भाग: गाड्या कुर्ल्यात बनत होत्या आणि मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 पर्यंत धावल्या, म्हणून माल अजून मुंबईकडेच आहे. पुढचं बंपर, दरवाजाची हँडलं, बिडिंग (कडेच्या पट्ट्या) तिथून मागवा. कोल्हापूरलाही विचारा. एक म्हणजे, 1978 च्या गाडीला दुसऱ्या सालची ग्रिल बसेल, शोभणार नाही.

हे सगळं करायच्या आधी कागद. आज्जा वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31. कोल्हापूरचं पासिंग कर्नाटकात आणायचं तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म 28, मग इथला टॅक्स आणि केए-22 नंबर. आपल्याकडे निम्म्यांचे पाहुणे सीमेपलीकडे, त्यामुळे एमएच पाटीवर वर्षानुवर्षं चालवणारे बरेच आहेत, पण तुमची आरसी बहुतेक केव्हाच संपलेली असणार, तिचं काय करायचं ते कोल्हापूरला आधी विचारून घ्या. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 च्या नियमात व्हीए (व्हिंटेज गाडीची) पाटी मिळते, नोंदणी फी 20,000 रुपये, पण तुमची गाडी त्यात 2028 ला बसेल, आणि ती पाटी घेतली की रोजच्या वापराला चालत नाही. आज्जांच्या गाडीतून आज्जीला देवळात न्यायचं म्हणता ना, मग साधंच पासिंग ठेवा. चॅसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप काढा, फोटो काढा, आणि टिंकरला बोटाने दाखवून सांगा की इथे ग्राइंडर लावायचा नाही.

रविवारी गावी गेलात की जॅक लावायच्या चारही जागा, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा आणि डिकीतला स्टेपनीचा खड्डा जुन्या स्क्रू ड्रायव्हरने जोर लावून टोचा. किती ठिकाणी आत गेला ते मोजून, फोटोसकट इथे टाका. चारपेक्षा कमी असेल तर गाडी ट्रकात चढवा. चार किंवा जास्त असेल तर अजून आणू नका, मीच एखाद्या रविवारी मिस्त्रींना घेऊन खानापूरला येतो.