चुकीचा जबाब आणि न विचारलेला साक्षीदार

प्रश्न : दीड महिन्यापूर्वी रात्री पुणे-सातारा रस्त्यावर माझ्या पतीची कार उभ्या ट्रकवर मागून आदळली. ट्रकचे दिवे बंद होते. पतीच्या मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी दवाखान्यात जबाब लिहून त्यांची सही घेतली. त्यात ‘माझा वेग जास्त होता, ट्रक दिसला नाही’ असं आहे. गुन्हाही पतीवरच नोंदवलाय. समोरच्या ढाब्यावरच्या कामगाराने सगळं पाहिलं, पण त्याला कुणी विचारलंच नाही. ट्रकची विमा कंपनी म्हणते, चूक तुमचीच. काही करता येईल का? (एक भगिनी, कराड)

उत्तर : ताई, नक्की करता येईल. गुन्हा पतीवर नोंदवला म्हणजे चूक त्यांचीच ठरली, असं होत नाही. नुकसानभरपाईचा निर्णय मोटार अपघात दावा न्यायाधिकरण स्वतंत्रपणे, समोर आलेल्या पुराव्यावरून करतं.

आधी जबाबाचं बघू. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 181 नुसार तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते. तरीही तो कागद निरुपयोगी समजू नका. न्यायाधिकरणापुढे उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील नेमका तोच पुढे करतील. म्हणून दवाखान्याचे केसपेपर आजच मागून घ्या. वेदनाशामक किंवा गुंगीचं इंजेक्शन किती वाजता दिलं याची नोंद त्यात असते. जबाबाची वेळ त्याच्या आसपासची निघाली, तर पती कोणत्या अवस्थेत बोलले हे दाखवता येईल.

माझ्या मते तुमच्या प्रकरणात खरं वजन घटनास्थळ पंचनाम्याला आहे. त्याची आणि नकाशाची नक्कल मिळवा आणि शांतपणे वाचा. ट्रक रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्टीच्या आत होता की बाहेर? मागे रिफ्लेक्टर, धोक्याचा त्रिकोण होता का? ब्रेकच्या खुणा किती लांब आहेत? पंचनामा झाला तेव्हा ट्रक जागेवर होता की आधीच हलवला होता? आरटीओच्या वाहन तपासणी अहवालात मागच्या दिव्यांबद्दल काय लिहिलंय, तेही पाहा. धोका होईल अशा रीतीने वाहन रस्त्यावर उभं करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 ने मनाई आहे. इंडिकेटर न लावता रस्त्यात उभ्या केलेल्या टँकरवर कार आदळल्याच्या प्रकरणात, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारचालकाची अर्धी चूक धरणारा उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. तिथे प्रत्यक्षदर्शी आणि जागेचा नकाशा दोन्ही महत्त्वाचे ठरले होते.

आता तो ढाब्यावरचा कामगार. त्याचा जबाब घ्यावा असा लेखी अर्ज तपासी अंमलदारांना द्या, पोच घ्या, आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांना पाठवा. दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. दोषारोपपत्र दाखल झालं असलं तरी पुढील तपासाची तरतूद आहे. आणि पोलिसांनी जबाब घेतलाच नाही, तरी तुम्ही त्याला न्यायाधिकरणापुढे साक्षीदार म्हणून उभं करू शकता. तो घाबरला असेल तर त्याला सांगा, की जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ चं संरक्षण आहे. त्याच्यावर दबाव मात्र अजिबात आणू नका आणि काय बोलायचं हे शिकवू नका. पढवलेला साक्षीदार उलटतपासणीत टिकत नाही, आणि मग खरी गोष्टही खोटी वाटायला लागते.

ढाबा, पेट्रोल पंप, टोलनाका यांपैकी कुठेही कॅमेरा असेल तर चित्रीकरण जपून ठेवण्याची लेखी मागणी लगेच करा. बहुतेक ठिकाणी ते काही दिवसांत पुसलं जातं, त्यामुळे आधीच उशीर झालाय.

1 एप्रिल 2022 पासून भरपाईच्या दाव्याला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर राहू नका. दावा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो, अपघाताच्या ठिकाणी खेटे घालायची गरज नाही. फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहायचंही कारण नाही. तोवर विमा कंपनीच्या कोणत्याही तडजोडीच्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.