ईटीपी मोठा करण्याआधी तो कोणाचा आहे ते ठरवा

तुमची अडचण मला अशी समजली: रोज एक लाख लिटर दूध हाताळणारी डेअरी, ईटीपीतून (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातून) बाहेर सोडलेल्या पाण्याचा बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन) लागोपाठ दोनदा मर्यादेबाहेर, प्रदूषण नियंत्रण मंडळाची कारणे दाखवा नोटीस, दीड वर्षात तीन ऑपरेटर बदलले, आणि सल्लागार आता दुसरी एरेशन टाकी (जिथे हवा सोडून जंतूंकडून घाण खाववतात) बांधा म्हणतोय. पर्यावरण अधिकारी म्हणून उत्तर तुमच्याकडे मागितलं जातंय.

पश्चिम महाराष्ट्रातल्या डेअऱ्यांमध्ये माझी वीसेक वर्षं गेली आणि तुम्ही आज ज्या खुर्चीत आहात तिथे मीही बसलोय. टाकीचं टेंडर काढायच्या आधी एक प्रश्न विचारा. गटारात दूध गेलं तर तुमच्याकडे जाब कोणाला विचारतात?

आमच्याकडे कोणालाच नाही. ईटीपी मेंटेनन्सकडे, ऑपरेटर ठेकेदाराचा, नमुने तपासायची प्रयोगशाळा क्वालिटीकडे, मंडळाच्या संमतीपत्राची फाइल एचआर-ॲडमिनकडे. दूध सांडणारा प्रॉडक्शन विभाग मात्र या साखळीत कुठेच नव्हता. रिपोर्ट खराब आला की ऑपरेटर बदलायचा, एवढाच आमचा उपाय होता. त्या माणसाच्या हातात ब्लोअरचं (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राचं) बटण आणि जंतू वाढावेत म्हणून टाकायच्या शेणाची पाटी, त्यापलीकडे काही नव्हतं. वीजबिल कमी करायचं म्हणून रात्री एक ब्लोअर बंद ठेवायला सांगितलं जायचं आणि सकाळी टाकीतला जंतूंचा गाळ हवेअभावी काळा पडला की बोलणी त्यालाच.

आता आकडे बघा. एक लिटर दुधाचा बीओडी साधारण १०० ग्रॅम. एक लाख लिटरमागे १ टक्का दूध वाया गेलं तर १,००० लिटर, म्हणजे रोज १०० किलो बीओडी गटारात. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार डेअरीला एक हजार लिटर दुधामागे ३ घनमीटर सांडपाणी आणि बाहेर सोडताना त्या पाण्याच्या लिटरला १०० मिलिग्रॅम बीओडी चालतो. तुमच्या प्लांटला हे ३०० घनमीटर पाणी आणि फक्त ३० किलो बीओडी होतात. पाणी पिण्याच्या पाण्याच्या स्रोतात जात असेल तर मर्यादा ३० मिलिग्रॅमपर्यंत खाली येऊ शकते, तेव्हा ९ किलोच. मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये बोललं की प्लांट हेडला काही वाटत नाही. रोज हजार लिटर दूध नाल्यात जातंय म्हटलं की तो खुर्चीत सरळ बसतो, कारण त्या दुधाचे पैसे शेतकऱ्याला दिलेले असतात.

आमचा बदल एका रात्रीपासून सुरू झाला. पर्याय उरला नव्हता म्हणून मी इक्वलायझेशन टाकीजवळ, म्हणजे सगळ्या गटारांचं पाणी आधी जिथे एकत्र येतं तिथे, खुर्ची टाकून बसलो. रात्रपाळीच्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणायचे. दोनच्या सुमारास पाणी एकदम पांढरं झालं, ताज्या ताकासारखं. पॅकिंग लाइनवर टोन्डवरून फुल क्रीमवर बदल चालला होता आणि पाइपातलं दूध पाण्याने ढकलून थेट गटारात सोडत होते. तासाभराने पाण्याला साबणासारखा बुळबुळीतपणा आला, पीएच पेपर गर्द निळा. सीआयपीची, म्हणजे पाइप-टाक्या न उघडता आतून धुण्याची, कॉस्टिक सोड्याची टाकी एका दमात रिकामी केली होती. मामा म्हणाले, “साहेब, हे रोजचं आहे. फोन करतो, कोणी उचलत नाही.” सकाळी एक लिटरच्या मोजपात्रात एरेशन टाकीचं पाणी भरून ठेवलं. अर्ध्या तासात गाळ खाली बसायला हवा होता, तो ९०० च्या खुणेवरच तरंगत होता. अशा गाळाला तिसरी टाकी बांधूनही काही फायदा नाही.

मग जबाबदाऱ्या बदलल्या. ईटीपी मेंटेनन्सकडून काढून थेट प्लांट हेडच्या हाताखाली आणला. दूध उतरवणं, प्रोसेसिंग, पॅकिंग आणि तूप-पनीर, चारही विभागांच्या गटारावर नमुना घ्यायची जागा केली आणि त्या गटाराचा भार त्या विभागप्रमुखाच्या नावावर टाकला. मोजमाप किलोत, म्हणजे मिलिग्रॅम गुणिले पाणी. हे महत्त्वाचं आहे, कारण सुरुवातीला आम्ही मिलिग्रॅमवर बक्षीस ठेवलं आणि एका विभागाने नमुन्याच्या वेळी बोअरचं पाणी सोडायला सुरुवात केली. किलोत मोजलं की पाणी वाढवून काही साधत नाही. तसंच रोजच्या निर्णयासाठी सीओडी (तीच घाण जंतूंऐवजी रसायनाने मोजणारी चाचणी) वापरा. तो त्याच दिवशी हातात येतो, बीओडीला तीन दिवस लागतात. तोपर्यंत पाळ्या बदललेल्या असतात आणि कोणाला काही आठवत नाही.

सगळ्यात अवघड होतं मामांना थांबवण्याचा अधिकार देणं. नियम असा केला की कॉस्टिक किंवा ॲसिडची टाकी सोडायच्या आधी ईटीपीला विचारायचं आणि मामा नाही म्हणाले तर थांबायचं. प्रॉडक्शनचा आक्षेप रास्त होता: गावागावांतून सकाळ-संध्याकाळ दूध येतच राहतं, ते थांबवता येत नाही. म्हणून एक जुनी टाकी दुरुस्त करून होल्डिंगला दिली, तिच्यातून कॉस्टिक थोडं थोडं सोडायचं. तरी तिसऱ्याच रात्री वाद झाला. शिफ्ट इनचार्जने अडीच वाजता प्लांट हेडला झोपेतून उठवलं. पलीकडून एवढंच आलं, “मामा म्हणतात तसं करा.” हा निरोप दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कॅन्टीनमध्ये पोचला होता. माझ्या मते आमचा ईटीपी त्या फोनवर सुधारला. तुमचा प्लांट हेड असं बोलेल का, हे आधी त्याच्याशी बसून पक्कं करा. तो बोलणार नसेल तर कागदावरचा नियम मामांनाच तोंडघशी पाडेल.

मामांना ठेकेदाराकडून काढून कायम केलं आणि प्रयोगशाळेत पंधरा दिवस बसवलं. मोजपात्र, पीएच आणि विरघळलेला ऑक्सिजन ते स्वतः बघू लागले. बाकी किरकोळ: टँकर पूर्ण निथळू द्यायचा, फुटलेल्या पिशव्यांचं दूध वेगळ्या कॅनमध्ये, पाइपातलं पहिलं पांढरं पाणी वेगळ्या टाकीत. रोज सकाळी पंधरा मिनिटांची उभ्यानेच बैठक, त्यात आदल्या दिवसाचे किलो आधी, उत्पादन नंतर.

सल्लागाराला झिडकारू नका. गळती आटोक्यात आल्यावरही येणारा भार ईटीपीच्या डिझाइनपेक्षा जास्त असेल, आणि थंडीत दूध वाढलं की तो वाढतोच, तर टाकी खरंच लागेल. पण मग ती किती मोठी हवी ते तुमच्या स्वतःच्या किलोंवरून ठरेल.

नोटिशीच्या उत्तरात “ऑपरेटर बदलला” असं लिहू नका. विभागवार मोजणी, होल्डिंग टाकी, ईटीपीची नवी जबाबदारी कोणाची, प्रत्येकासमोर तारीख, असा कृती आराखडा द्या आणि मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना स्वतः जाऊन भेटा. जल कायद्याच्या कलम ३३अ खाली मंडळ वीज-पाणी तोडून प्लांट बंद करू शकतं, हे तुमच्या संचालकांनाही नीट सांगा.

आणि त्याआधी, या आठवड्यातली एक रात्र इक्वलायझेशन टाकीजवळ काढा. घड्याळ, पीएच पेपर आणि बारा रिकाम्या बाटल्या घेऊन जा, दर तासाला एक भरा. सकाळी त्या ओळीने प्लांट हेडच्या टेबलावर ठेवा.