घरबसल्या उपग्रहचित्रांवरून कातळशिल्पं शोधता येतील का?

तुमचं मूळ गाव राजापूर तालुक्यात, राहायला मुंबईत. उपग्रहाची चित्रं चाळून सड्यावरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरची, नवी कातळशिल्पं (कातळात कोरलेली प्राचीन चित्रं) सापडतील का, असं तुम्ही विचारलंय.

शोधायला या चित्रांचा फारसा उपयोग नाही. राखायला मात्र खूप आहे, आणि माझ्या मते आज निकड त्याचीच आहे.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी नवी. पण त्यांतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटरांचा, म्हणजे एवढं अवाढव्य शिल्प दोन ठिपक्यांत संपलं. त्याच्या रेषा तर काही सेंटीमीटरच्याच. गूगल अर्थवर चित्र जास्त स्पष्ट असतं, तरी कातळाच्या भेगा, वाळलेलं शेवाळ आणि गवत यांत कोरीव रेष ओळखू येत नाही. त्यासाठी सडा पायांनीच तुडवावा लागतो, गुराख्यांना आणि जुन्याजाणत्यांना विचारावं लागतं.

सड्यावर होणारी मोडतोड मात्र आभाळातून लपत नाही. उन्हापावसाने जुना कातळ काळपट पडलेला असतो. चिरेखाण (बांधकामाचे चिरे काढायची खाण) सुरू झाली की आतला ताजा जांभा तांबडा-नारिंगी उघडा पडतो. काळ्या सड्यावरचा तो सरळ कडांचा तांबडा चौकोन १० मीटरच्या चित्रातही ठळक दिसतो. नवा रस्ता, कलमांसाठी जेसीबीने सपाट केलेली जागा, हेही कळतं.

तुलना करताना दोन वर्षांचा एकच महिना घ्या. फेब्रुवारी-मार्च उत्तम, कारण गवत वाळलेलं आणि आभाळ निरभ्र. पावसाळ्यातलं हिरवं चित्र उन्हाळ्यातल्या चित्राशेजारी ठेवलंत तर सगळा सडाच बदललेला वाटेल. वणव्याचा काळा डागही फसवतो, पण तो पावसानंतर जातो. खाण जात नाही. पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसत नाही, पण तेव्हा खाणीही बहुतेक बंदच असतात. आणखी जुन्या काळाशी तुलना हवी तर गूगल अर्थमधली मागच्या वर्षांची चित्रं बघा.

कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी, कुडोपी अशी काही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. पण त्या यादीने सड्याभोवती कुंपण पडत नाही. सड्याची जमीन बहुतांशी खासगी, सातबाऱ्यावर नावांची रांग, निम्मे मालक मुंबई-पुण्यात. म्हणून चित्र घेऊन आधी जमीनमालकाशी आणि गावाशी बोला. पुष्कळदा त्यांनाच आपल्या जमिनीत काय आहे ते माहीत नसतं. उक्षीला गावकऱ्यांनीच तिथल्या कोरीव हत्तीभोवती चिऱ्यांची भिंत घातली, ते मला फार मोलाचं वाटतं.

तांबडा डाग एखाद्या ज्ञात शिल्पाकडे सरकताना दिसला, तर तारखेसह दोन चित्रं आणि अक्षांश-रेखांश घेऊन तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या (खाणीला गौण खनिजाचा, म्हणजे चिरे काढायचा, परवाना आहे का, हेही तिथे विचारा). प्रत राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला पाठवा. अजून नोंद न झालेल्या शिल्पाची जागा मात्र फेसबुकवर टाकू नका.

खाणींचा हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो. त्याआधीचं ढग नसलेलं एक चित्र तुमच्या गावच्या सड्यासाठी उतरवून ठेवा, पुढच्या वर्षांच्या त्याच महिन्यातल्या चित्रांची तुलना त्याच्याशीच करायची आहे.